शेजाऱ्याचे शब्द आणि खोटी साक्ष

ज्याचे मत आपणांस मान्य नाही, त्याचे मत खरोखर काय आहे हे नीट जाणून घेणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? की चूक ती चूकच, तिचा बारकावा जाणून घेण्याचे कारण काय, असे म्हणून मोकळे व्हावे? हा प्रश्न पंडितांचा दिसतो. दिवसभर रानात राबून रविवारी उपासनेस येणाऱ्या माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु हाच प्रश्न आमच्या एका खेड्यातील कुटुंबापुढे सोयरिकीच्या बैठकीत उभा राहिला, आणि त्याचा विचार आधी न झाल्यामुळे दोन घरे दुखावली. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हकीकत अशी की, अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीच्या पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांची सारी हयात शाळेत शिकविण्यात गेली. गावात त्यांना सर्वजण मास्तर म्हणतात. त्यांचा मुलगा नवी मुंबईत नोकरीस असून नेरूळ येथे राहतो. नेरूळ हे पूर्वी आगरी व कोळी लोकांचे, भातशेतीचे व मासेमारीचे गाव होते. १९७० साली सिडको संस्था स्थापन झाली, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसू लागले, १९९३ साली वाशीपासून पुढे नेरूळपर्यंत रेल्वे आली, आणि पाहता पाहता देशावरचे, कोकणातले, गोव्याचे, केरळचे, तामिळ देशाचे लोक तेथे एकाच जिन्याने चढउतार करू लागले. अशाच एका इमारतीत मास्तरांच्या मुलाची ओळख एका कॅथोलिक कुटुंबाशी झाली. कुटुंब मूळचे वसईकडील, घरची भाषा मराठी, मुलगी शिकलेली व सुशील. दोघांनी विवाहाचा निश्चय केला. जातीचा, पैशाचा, मानपानाचा काही एक वाद नव्हता. वाद झाला तो शब्दांचा.

मास्तरांनी आम्हांस पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात, 'हे लोक मरियेची पूजा करतात, पाद्र्याला सांगून पापे धुऊन घेतात, पोपाच्या हातून पाप होतच नाही असे मानतात, आणि कर्मांनी तारण होते असे शिकवितात. शिवाय आता ते आमच्या मुलाकडून कसल्याशा कागदावर सही मागत आहेत. आम्ही काय करावे?' आम्ही नेरूळास जाऊन दोन्ही वडिलांसमवेत बसलो. तेव्हा मुलीच्या वडिलांनीही मन मोकळे केले. त्यांचे म्हणणे असे की, 'तुमच्यात संस्कार मानीत नाहीत, प्रभूच्या आईचा अपमान करतात, आणि ज्याच्या मनात येईल तो उठून पाळक होतो.' मास्तरांना हे ऐकून वाईट वाटले. ज्यांनी चाळीस वर्षे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी उपास करून आपले अंतःकरण तपासले, त्यांच्या तोंडावर कोणी म्हणावे की तुम्ही संस्कार मानीत नाही! परंतु पत्रातील मास्तरांचे शब्द जर समोरच्या गृहस्थांनी वाचले असते, तर त्यांनाही तितकेच वाईट वाटले असते. दोघांनी एकमेकांचे चित्र काढले होते, आणि दोघांपैकी एकालाही त्यात आपला चेहरा ओळखता येत नव्हता.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो, आणि तिचा अर्थ कोर्टकचेरीपुरता घेतो. परंतु खोटी साक्ष नेहमी लबाडीनेच दिली जाते असे नाही. जो मनुष्य ऐकीव गोष्ट खात्री न करता शपथेवर सांगतो, तोही खोटी साक्ष देतो. त्याची दानत शुद्ध असली तरी ज्याच्याविरुद्ध ती दिली त्याचे नुकसान तेवढेच होते. आणि एखाद्याच्या शेताची हद्द चुकीची सांगण्यापेक्षा त्याच्या श्रद्धेची हद्द चुकीची सांगणे हा लहान अपराध आहे, असे आम्हांस वाटत नाही. पूर्ण ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्यास शलमोनाच्या नीतिसूत्रांनी मूर्ख ठरविले आहे, हे वाचकांच्या ध्यानी असेलच.

ह्याच आज्ञेविषयी एक गोष्ट सांगतो. आपल्या मोजणीप्रमाणे ती नववी आहे. कॅथोलिक लोकांच्या मोजणीप्रमाणे ती आठवी. ह्यावरून आपल्यातील कित्येकजण म्हणतात की, मूर्तींविषयीची दुसरी आज्ञा त्यांनी गाळून टाकली आहे. वस्तुस्थिती अशी की, संत ऑगस्टीन ह्यांच्या परंपरेस अनुसरून ते मूर्तींविषयीचे वचन पहिल्या आज्ञेतच धरतात, आणि लोभाविषयीच्या शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा ही संख्या पुरी करतात. मार्टिन ल्यूथर ह्यांच्या अनुयायी मंडळ्याही अशीच मोजणी करतात. मुलांसाठी छापलेल्या त्यांच्या लहान प्रश्नोत्तरावलीत ते लांब वचन पुष्कळदा नसते, हे खरे. पण त्यांच्या पवित्र शास्त्रात ते जसेच्या तसे आहे. तेव्हा दुसऱ्याने आज्ञा गाळली असे म्हणणारे आपण, खोट्या साक्षीचीच आज्ञा मोडून बसतो.

कोणी म्हणेल, त्यांचे शब्द निराळे, आपले निराळे. आपला त्यांच्याशी संबंध काय? ह्याला उत्तर आपल्याच घरात आहे. आपण ज्या सणाला नाताळ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज लोकांच्या तोंडून मराठीत आला. गावकरी आपल्या पाळकांस पाद्री म्हणतात, तोही तेथूनच. क्रूस हा शब्द तोच, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर काही मंडळ्यांत जो पाव मोडतात, त्याचे नावही पोर्तुगीजच. हे शब्द सोळाव्या व सतराव्या शतकांत गोव्यात आणि वसईत रूढ झाले. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली. त्याच काळात साष्टी प्रांतात राहणारे इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिले, व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सेरामपूर येथून विल्यम केरी ह्यांचा मराठी नवा करार १८११ साली निघाला. म्हणजे त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी आपल्या भाषेत प्रभूचे नाव ओवीत गुंफले गेले होते. आणखी एक मौज अशी की, आपण ग्रीक भाषेतील बाप्तिस्मा हा शब्द तसाच ठेविला, आणि वसईच्या कॅथोलिक बंधूंनी त्याला स्नानसंस्कार असे सोपे नाव दिले. तेव्हा परके शब्द त्यांचे आणि आपले शब्द स्वदेशी, असा हिशेब मांडता येत नाही.

आता जे शब्द त्या बैठकीत अडले, ते एकेक पाहू.

कॅथोलिक ह्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ सार्वत्रिक, सर्वांचा, असा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप इग्नाशियस ह्यांच्या पत्रात तो मंडळीला प्रथम लाविलेला आढळतो. प्रेषितांच्या मतांगीकारात सार्वत्रिक मंडळीवरील विश्वास आपणही उभे राहून कबूल करतो. तेथे मूळचा शब्द हाच. आणि सर्व कॅथोलिक म्हणजे रोमन पद्धतीचे, हेही बरोबर नाही. नेरूळमध्येच पाहावे. केरळातून आलेली सिरो-मलबार पद्धतीची कुटुंबे पोपाला मानतात, पण त्यांची उपासना प्राचीन सिरियन परंपरेची आहे, आणि त्यांच्यासाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. एकाच उपासनेला वसईचा मनुष्य पवित्र मिस्सा म्हणतो, गोव्याचा मीस म्हणतो, केरळचा कुर्बाना म्हणतो, तामिळ बांधव तिरुप्पली म्हणतो. चार दारांआड चार शब्द, आणि मेज एकच.

मिस्सा हा शब्द लॅटिन उपासनेच्या शेवटी लोकांस निरोप देताना म्हणावयाच्या वाक्यातून निघाला. १९६३ सालच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, तेव्हापासून वसईत ती मराठीत ऐकू येते. आपला आक्षेप असा असतो की, ख्रिस्त एकदाच बळी गेला असता हे लोक त्याला रोज पुन्हा बळी देतात. त्यांची शिकवण तशी नाही. कालवरीवरील बळी एकच, तो पुन्हा होत नाही. मिस्सेत तोच एक बळी समोर सादर होतो, असे ते म्हणतात. भाकर व द्राक्षारस ह्यांचे बाह्य रूप तेच राहून त्यांचे अंतःस्वरूप ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, असेही ते मानतात. तो शब्द १२१५ सालच्या लाटेरन परिषदेने वापरला. आपल्याला ही शिकवण शास्त्रात दिसत नाही, आणि इब्रींस पत्रातील एकदाच अर्पिलेल्या बळीच्या वचनापुढे सादर होणे ह्या शब्दाचे समाधानकारक स्पष्टीकरण आम्हांस आढळत नाही. हा आपला मतभेद खरा आहे. पण तो सादर होण्याविषयी आहे, पुन्हा मारण्याविषयी नाही.

मरियेविषयी मास्तरांनी पूजा हा शब्द लिहिला होता. अडचण येथे मराठीचीही आहे. आपण शिक्षकाला वंदन करतो, ध्वजाला वंदन करतो, आईबापांच्या पाया पडतो, आणि परमेश्वरालाही वंदन करतो. शब्द तोच, भाव निराळा. कॅथोलिक शास्त्रात ह्या भावांना निरनिराळी नावे आहेत. केवळ देवाला द्यावयाची ती आराधना. संतांना द्यावयाचा तो आदर. आणि मरियेला संतांहून अधिक आदर, पण आराधना नव्हे. चित्रे व मूर्ती ह्यांच्याबाबत हा भेद ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने स्पष्ट केला. जपमाळेतील प्रार्थनेचा पहिला भाग तर लूकच्या पहिल्या अध्यायातील देवदूताचे व अलीशिबेचे शब्द आहेत. परलोकवासी जनांकडे मध्यस्थी मागण्याचा दाखला आपल्याला शास्त्रात आढळत नाही, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील एकाच मध्यस्थाचे वचन आपण सोडू शकत नाही. एवढे म्हणावे, परंतु मरियेला ते देव मानतात, असे म्हणू नये.

ह्याच ठिकाणी एक मोठा घोटाळा आहे. निष्कलंक गर्भसंभव हे शब्द ऐकून आपल्यातील बहुतेकांस वाटते की, कुमारिकेच्या पोटी येशूचा जन्म झाला त्याचेच हे नाव. तसे नाही. मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरी आली त्या क्षणापासून देवाने तिला आदिपापापासून राखिले, अशी ती शिकवण आहे. पोप नववे पायस ह्यांनी ती ८ डिसेंबर १८५४ रोजी घोषित केली. तिचे हे रक्षणही ख्रिस्ताच्याच पुण्याईने झाले, असे त्या घोषणेत आहे. आपण ही शिकवण स्वीकारीत नाही, कारण शास्त्रात ती नाही. परंतु जे नाकारावयाचे ते काय आहे, हेच ठाऊक नसेल तर नाकारण्याला अर्थ काय?

पापनिवेदनाचेही तसेच. गोव्याकडे ह्याला कुमसार म्हणतात. पाद्र्याच्या कानात सांगितले की पाप गेले, मग पुन्हा करावयास मोकळे, असे आपल्या गावात हसत हसत सांगतात. त्यांच्या शिकवणीत खरा पश्चात्ताप, पापाचा उच्चार, आणि झालेल्या हानीची भरपाई ही तीन अंगे आहेत. पश्चात्ताप नसेल तर धर्मगुरूने उच्चारलेले क्षमेचे शब्द निष्फळ आहेत. त्यासाठी शुल्क नाही, आणि ऐकलेले बाहेर सांगणाऱ्या धर्मगुरूस बहिष्काराची शिक्षा आहे. क्षमापत्रांचा व्यापार झाला, हे इतिहास सांगतो. १५१७ साली ल्यूथर त्याविरुद्ध उभे राहिले ते योग्यच. परंतु पन्नास वर्षांनी, १५६७ साली, पोप पाचवे पायस ह्यांनी पैसे घेऊन दिलेली सर्व क्षमापत्रे रद्द केली, हेही इतिहासच सांगतो. मागे राहिलेली शिकवण अशी: मुलाने शेजाऱ्याच्या उसात शिरून कुंपण मोडले, बापाने त्याला क्षमा केली, तरी कुंपण बांधून देणे उरतेच. ते उरलेले देणे ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्याईने मंडळी हलके करू शकते, असे ते म्हणतात. आपण म्हणतो, ख्रिस्ताने काही उरविलेच नाही. वाद येथे आहे. पाप विकत घेण्याच्या गोष्टीत नाही.

पोपाविषयी सांगावयाचे तर, १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरविले की, सर्व मंडळीचा मेंढपाळ ह्या अधिकाराने श्रद्धेची वा नीतीची शिकवण अखेरची म्हणून तो घोषित करील, तेव्हा ती चुकणार नाही. ह्याचा अर्थ तो पाप करीत नाही असा नव्हे, आणि त्याचे प्रत्येक भाषण अचूक असाही नव्हे. त्यानंतर असा अधिकार उघडपणे वापरल्याचे उदाहरण एकच सांगतात, ते १९५० सालचे मरियेच्या स्वर्गारोहणाविषयीचे. २०१४ सालच्या मार्च महिन्यात पोप फ्रान्सिस रोममध्ये सर्वांसमक्ष एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापनिवेदन करीत असलेले जगाने पाहिले. ज्याच्या हातून पाप होत नाही, त्याला त्याचे कारण काय?

शेवटी कर्मांचा प्रश्न. देवाच्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो असे जो म्हणेल त्याचा धिक्कार असो, हे ठरविणारी परिषद कोणती? ट्रेंट येथील कॅथोलिक परिषद, १५४७ साली. हे ऐकून मास्तर आमच्याकडे पाहतच राहिले. केवळ विश्वासाने हे आपले म्हणणे त्या परिषदेने मान्य केले नाही, हेही खरे. परंतु ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे कॅथोलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी ह्या विषयावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ साली मेथोडिस्ट व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्या त्यास मिळाल्या. सर्व भेद मिटले असे त्यात म्हटलेले नाही. तारणाचा आरंभ कृपेतच आहे, इतके दोघांनी एका स्वरात म्हटले आहे.

आता दोन आक्षेप ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की, पुस्तकात काहीही असो, लोक काय करतात ते पाहा. सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर मरियेच्या जत्रेला, किंवा बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन जाणाऱ्या गर्दीला आराधना आणि आदर ह्यांतील भेद ठाऊक असतो काय? आम्ही म्हणतो, कित्येकांस नसेल. पण मग आपणही पुस्तकाशी पुस्तक आणि लोकांशी लोक ताडून पाहावेत. आपली शिकवण ग्रंथातून घ्यावयाची आणि त्यांची मात्र जत्रेतून घ्यावयाची, हे खोटे माप झाले. आपल्या खेड्यांत पवित्र शास्त्र उशाशी ठेविले की वाईट स्वप्न पडत नाही असे मानणारे लोक नाहीत काय? त्यावरून कोणी आपला धर्म ठरविला तर ते आपणांस चालेल काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे समजून घेता घेता आपली साक्षच विरघळून जाणार नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. ह्या कामी पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या अँग्लिकन भगिनींशीच त्यांचा पत्रांतून वाद चालला. कारण अर्थ पटल्याशिवाय कोणताही मतांगीकार केवळ दुसऱ्याच्या अधिकाराखातर स्वीकारावयास त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनी साध्या मराठीत सारे पवित्र शास्त्र उतरविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. न समजलेला शब्द स्वीकारू नये, हे त्यांनी दाखविले. आम्ही त्याला जोडून इतकेच म्हणतो की, न समजलेला शब्द धिक्कारूही नये. दोन्हींत प्रामाणिकपणा एकच आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीही पवित्र शास्त्र मराठीत आणिले. ते सुबोध बायबल २०१० साली निघाले, आणि २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कॅथोलिक लोकांस शास्त्र वाचू देत नाहीत, असे अजूनही म्हणणाऱ्याने ते पुस्तक एकदा हाती घ्यावे.

आता त्या सहीकडे येऊ, कारण खरी ठेच तेथे होती. जुन्या नियमाप्रमाणे अशा विवाहात दोन्ही पक्षांकडून लेखी हमी घेत. ३१ मार्च १९७० रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी तो नियम बदलला. आता वचन देते ती कॅथोलिक बाजू: आपण आपली श्रद्धा राखू, आणि मुलांना कॅथोलिक मंडळीत बाप्तिस्मा व शिक्षण मिळावे म्हणून आपल्याकडून होईल ते सारे करू. दुसऱ्या बाजूला हे वचन कळविले पाहिजे, इतकेच. त्याच्याकडे सही मागितलीच तर ती हे मला कळले आहे, एवढ्यापुरती. शिवाय त्या मंडळीच्या नियमाप्रमाणे, पाण्याने व पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला आपला बाप्तिस्मा ते खरा बाप्तिस्मा मानतात, तो पुन्हा देत नाहीत; आणि दोन बाप्तिस्मा पावलेल्यांचा असा विवाह ते संस्कार समजतात.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'आमच्या गावच्या ओढ्यावर जुन्या पाळकांनी माझ्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा हे लोक मानतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.' मुलीचे वडील म्हणाले, 'मास्तर, तुम्ही प्रभुभोजनासाठी उपास करता, हे मलाही ठाऊक नव्हते.' त्या दिवशी त्या खोलीत प्रथमच दोघे एकमेकांशी बोलले. तोवर ते आपापल्या ऐकिवाशी बोलत होते.

परंतु वाचकहो, ह्याने सारे गोड झाले असे आम्ही लिहिणार नाही. दोन गोष्टी उरल्याच. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला एका मेजावरून प्रभूचे भोजन घेता येणार नाही, कारण साधारण नियम तसा आहे. आणि मुलांचा प्रश्न. मास्तरांनी विचारले, 'माझा नातू आमच्या मंडळीत गुडघे टेकणार की नाही?' मुलीच्या वडिलांनी थाप मारली नाही. ते म्हणाले, 'माझी मुलगी वचन देईल ते पाळण्यासाठीच देईल.' मास्तर म्हणाले, 'ह्याला अजून मला हो म्हणवत नाही. पण मी कशाला नाही म्हणतो आहे, ते आता मला ठाऊक आहे.' आम्ही हे लिहीत असता निर्णय झालेला नाही. मुलगा व मुलगी दोघांनी थांबून प्रार्थना करण्याचे ठरविले आहे, आणि दोन्ही घरांचे येणेजाणे चालू आहे.

कोणास वाटेल, मग समजून घेऊन मिळाले काय? अडचण तर तशीच राहिली. आम्ही म्हणतो, अडचण तीच राहिली, पण खोटी साक्ष गेली. पूर्वी मास्तर मूर्तिपूजकांच्या घरी सून मागावयास निघालो म्हणून लाजत होते. आता एका ख्रिस्ती माणसाशी त्यांचा एका खऱ्या प्रश्नावर मतभेद आहे. पहिल्या स्थितीत भांडण होते, दुसरीत संभाषण होते. खऱ्या मतभेदाने मनुष्य दुखावतो, पण अपमानित होत नाही.

म्हणून खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे. आपली मुले आता मुंबई-पुण्यास व नेरूळसारख्या नव्या नगरांत जातात, आणि तेथे त्यांचे शेजारी निरनिराळ्या मंडळ्यांचे असतात. त्यांना घरून पाठविताना शेजाऱ्यांविषयी ऐकीव गोष्टींची शिदोरी देऊ नका. दुसऱ्याचे मत सांगावयाचे झाले तर अशा शब्दांत सांगा की ते ऐकून तो म्हणेल, होय, हे माझेच म्हणणे आहे. तेवढे झाल्यावर मग आपले म्हणणे निर्भयपणे मांडा, आणि जेथे भेद आहे तेथेच बोट ठेवा. आपल्याला प्रोटेस्टंट हे नाव १५२९ साली जर्मनीतील स्पायर येथील सभेवरून पडले. ज्या लॅटिन शब्दातून ते आले, त्याचा एक अर्थ जाहीर साक्ष देणे असाही आहे. साक्ष देणाऱ्यांचे नाव धारण करून खोटी साक्ष देणे आपल्याला शोभत नाही. प्रभू सत्य आहे, आणि त्याच्या कामासाठी असत्याची मदत त्याला कधीच लागली नाही.